घाट, द्राक्षे आणि सीमा : एका सहलीचा बेत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली म्हणजे वर्गात पहिला प्रश्न अभ्यासाचा निघत नाही, सहलीचा निघतो. "गुरुजी, यंदा कोठे?" असे एकाने विचारावे, आणि उत्तर येण्यापूर्वी इतर तिसांनी तीस स्थळांची नावे सांगावी, असा हा दरसालचा परिपाठ आहे. फळा भरून जातो. मग कोणी हुशार विद्यार्थी उठून म्हणतो, "ही सगळीच पाहू!" आणि वर्ग टाळ्या पिटतो. या टाळ्या मला पूर्वी फार गोड वाटत. आता त्या ऐकल्या की मी खडू खाली ठेवतो आणि पुसण्याचे फडके हाती घेतो. असे का, ते सांगण्यासाठी आणि चांगला बेत कसा आखावा याचा एक नमुना मुलांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस मी एका वर्गास घेऊन एका डोंगरी स्थळी गेलो होतो. दोन दिवस आणि नऊ स्थळे असा आमचा बेत होता. तो मीच आखला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. पहिल्या स्थळी अर्धा तास उशीर झाला, दुसऱ्या स्थळी पाऊण तास; परंतु नवांपैकी एकही सोडण्यास माझे मन धजेना. परिणामी ज्या घाटातून सूर्यास्तापूर्वी उतरावयाचे, तो आम्ही रात्री अकरा वाजता उतरू लागलो. धुके इतके दाटले होते की गाडीचे दिवे त्यातच विरून जात. पहाटे चारपासून जागा असलेल्या चालकाने एका वळणावर गाडी कडेस उभी केली, आणि मागे येऊन तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, मला आता रस्ता दिसत नाही." त्या भल्या माणसाच्या या एका वाक्याने आम्हा सर्वांचे प्राण वाचविले, असे मी आजही मानतो. रात्र आम्ही घाटातच काढली. तेथून दूरध्वनी लागत नव्हता. इकडे शाळेच्या ओसरीवर पालक रात्रभर बसून होते. दुसरे दिवशी दुपारी आम्ही पोहोचलो, तेव्हा एक माउली मला काहीच बोलली नाही. मुलाचा हात धरून ती मुकाट्याने निघून गेली. तिने रागे भरले असते तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. सहलीचा बेत करणे म्हणजे काय काय पाहावयाचे याची यादी करणे नव्हे. काय काय सोडावयाचे हे आधी ठरविणे होय. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे.

स्थळाची निवड

आपले फैजपूर बेत करण्यास नवखे गाव नाही. १९३६ च्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे जे अधिवेशन येथे भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होय. एवढ्या मोठ्या समुदायाच्या पाण्याची, निवाऱ्याची व वाटांची व्यवस्था ज्या गावाने पाहिली, त्या गावच्या मुलांना पन्नास जणांची सहल नीट आखता येऊ नये, हे शोभणारे नाही.

गावातून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हा रस्ता जातो. त्याने पूर्वेस गेल्यास रावेरावरून बऱ्हाणपूर व असीरगड. उत्तरेस वळल्यास पाल आणि सातपुड्याचे अरण्य. पश्चिमेस गेल्यास यावल, चोपडा व पुढे शहादा-तळोदा. यातील प्रत्येक वाट चांगली आहे. यंदाच्या बेतासाठी मात्र मी चौथीच वाट सुचवितो : धुळे, नाशिक, दिंडोरी, वणी, सापुतारा, आहवा, नवापूर आणि पुन्हा धुळे. हे मोठे वर्तुळ सातशे किलोमीटरांच्या थोडे पुढे जाते. ते निवडण्याचे कारण असे की, एकाच फेरीत विद्यार्थ्यास तीन गोष्टी पाहावयास मिळतात : सह्याद्रीचे उत्तर टोक, द्राक्षांचा मुलूख आणि दोन राज्यांची सीमा.

ऋतूची निवड

येथेच पहिला त्याग करावा लागतो. सापुताऱ्याचे डोंगर श्रावणात हिरवेगार असतात आणि वघईजवळचा गिरा धबधबा तेव्हा भरात असतो; परंतु त्या महिन्यांत द्राक्षवेलीवर फळ नसते, आणि घाटात धुके व दरडी यांचे भय असते. द्राक्षे पिकतात ती साधारणतः जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. पण तेव्हा धबधबा क्षीण झालेला असतो. उन्हाळ्यात दोन्ही नाहीत. धबधबा आणि द्राक्ष ही दोन्ही एका फेरीत मिळत नाहीत, ही निसर्गाची व्यवस्था आहे. तिच्याशी भांडून उपयोग नाही. मी जानेवारीचा उत्तरार्ध निवडतो. रस्ते कोरडे, हवा थंड, आकाश स्वच्छ आणि मळ्यात काम चालू असते. धबधबा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा. त्या पानाविषयी पुढे सांगेन.

पहिला दिवस : फैजपूर ते नाशिक

यावल, चोपडा, अमळनेर या वाटेने धुळे गाठावे. चोपडा सोडल्यावर तापी ओलांडावी लागते. तिच्या पुलावर गाडी हळू करण्यास सांगावे. भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेस वाहतात. आपली तापी मात्र पश्चिमेस अरबी समुद्राकडे जाते, हे पुस्तकातील वाक्य तेथे डोळ्यांना दिसते. अमळनेर हे साने गुरुजींच्या अध्यापनाचे गाव, याची आठवण मुलांस करून द्यावी.

धुळ्यापासून मुंबई-आग्रा हा जुना हमरस्ता लागतो. धुळे ते नाशिक सुमारे १६० किलोमीटर. मालेगाव मागे टाकल्यावर राहूडचा लहान घाट चढून चांदवड येते. तेथे अहिल्याबाई होळकरांच्या काळचा रंगमहाल आहे. येथून भूमीचे रूप पालटते. आपली तापीकाठची जमीन समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरांवर आहे, तर नाशिक सुमारे सहाशे मीटरांवर. उंची वाढली, रात्री गारठल्या, आणि केळीच्या जागी द्राक्षवेली आल्या. केळीला उष्मा व मुबलक पाणी हवे. द्राक्षवेलीच्या मुळाशी पाणी साचले तर ती रुसते. एका दिवसाच्या प्रवासात दोन पिकांचे दोन स्वभाव समजणे, हा भूगोलाचा उत्तम धडा होय.

हा दिवस लांब पल्ल्याचा आहे. म्हणून या दिवशी रंगमहालाखेरीज दुसरे काहीही पाहावयाचे नाही. मुक्काम नाशिक.

दुसरा दिवस : द्राक्षांचा मुलूख

हा दिवस सहलीचे हृदय होय. नाशिकहून दिंडोरीच्या बाजूस निघाले की दोन्ही हातांस तारांवर चढविलेल्या वेलींच्या रांगा दिसू लागतात. शेतकऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन एका मळ्यात दोन तास घालवावे, आणि घाई मुळीच करू नये.

तेथे मुलांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : "वर्षातून छाटणी किती वेळा?" उत्तर येईल, "दोन वेळा." यात मोठी गंमत आहे. युरोपात हिमाच्या दिवसांत द्राक्षवेल झोपी जाते; तिची छाटणी एकदाच होते. आपल्याकडे हिवाळा इतका कडक नाही, म्हणून वेल पुरती झोपत नाही. आपल्या बागाईतदारांनी यावर तोड काढली. साधारण एप्रिलात खरड छाटणी करून वेल जवळजवळ बोडकी करतात. मग नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या प्रकाशात त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची बीजे तयार होतात. ऑक्टोबराच्या सुमारास दुसरी छाटणी करून ते डोळे जागे करतात. त्यापासून सुमारे चार-साडेचार महिन्यांनी फळ हाती येते. म्हणजे छाटण्या दोन, पीक एक.

या चार महिन्यांत शेतकऱ्याची झोप उडालेली असते. अवेळी पाऊस आला तर केवडा रोग पसरतो. दमट गारव्यात भुरी पडते. आणि घड तयार झाल्यावर गारा कोसळल्या तर वर्षाचे कष्ट व काढलेले कर्ज अर्ध्या घटकेत मातीस मिळते. आपल्यातील ज्या मुलांच्या घरी केळीची बाग आहे, त्यांनी वादळात झोपलेली केळ पाहिली आहे. त्यांना हे निराळे सांगावयास नको. शहरातून आलेला प्रवासी मळ्याचे छायाचित्र घेऊन जातो. तुम्ही मात्र त्या शेतकऱ्याला त्याच्या वाईट वर्षाविषयी विचारा. तो जे सांगेल ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

आता पालकांच्या मनातील शंकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नाशिकच्या या मुलखात खाण्याच्या द्राक्षांबरोबर मद्याचीही द्राक्षे होतात. १९९७ च्या सुमारास गंगापूर धरणाच्या बाजूस सुला या कंपनीने त्यांची लागवड केली आणि २००० साली तेथील वाईन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने या धंद्यास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले, आणि पाहता पाहता हा भाग देशातील वाईनचे मुख्य ठाणे झाला. "असल्या ठिकाणी मुलांस का न्यावे?" असे एका पालकांनी मला विचारले. प्रश्न योग्य आहे.

माझे उत्तर असे. मद्याची द्राक्षे निराळ्या जातीची असतात : लहान मणी, जाड साल, आत बी. त्यांचा रस काढून ठेवला म्हणजे किण्व नावाचे सूक्ष्म जीव त्यातील साखर खातात आणि तिचे मद्यार्क व वायू यांत रूपांतर करतात. साल रसात ठेवली तर रंग तांबडा येतो. आधीच काढली तर फिका राहतो. हे रसायनशास्त्र आहे, आणि ते शिकण्यास पेला ओठांस लावावा लागत नाही. आपल्या शाळेतील मुले द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला नीतिपाठाच्या तासाला दरसाल ऐकतात. मीही तो कित्येक वर्षे शिकविला, परंतु द्राक्षमळा डोळ्यांनी पाहिला तो वयाच्या पस्तिशीनंतर. उन्हात दिवसभर ओणवे होऊन घड कापणारे स्त्रीपुरुष पाहिल्यावर त्या दाखल्यातील मजुरीचा प्रश्न मला नव्याने समजला. म्हणून आपण मळा पाहावा, मजूर पाहावे, शेतकऱ्याचा हिशेब ऐकावा. चव घेण्याच्या दालनात आपल्या सहलीतील कोणीही, शिक्षकही, पाऊल टाकणार नाही. जे पाहावयाचे ते पाहणे आणि जे सोडावयाचे ते सोडणे, हा बेताचाच एक भाग आहे.

दुपारनंतर वणी गाठावी. जवळच नांदुरीहून सप्तशृंगीचा गड दिसतो. चैत्रात आपल्या खानदेशातून हजारो भाविक उन्हातान्हात पायी या गडास येतात. ज्या वाटेने आपण गाडीत बसून आलो, तिचा बराच भाग ते पायांनी मोजतात, हे ध्यानी आणावे. मुक्काम वणीस.

तिसरा दिवस : सीमा आणि सापुतारा

वणीहून हातगडाकडे जाताना रस्ता चढू लागतो. सुरगाण्याच्या या घाटमाथ्यावर थंडीत स्ट्रॉबेरी पिकते व रस्त्याच्या कडेस टोपल्यांतून विकावयास येते. मुलांस येथे पाण्याची वाटणी समजावून द्यावी. याच डोंगरांतून निघणारी गिरणा आपल्या जळगाव जिल्ह्यात येऊन तापीस मिळते. शेजारून निघणाऱ्या नार व पार या नद्या मात्र पश्चिमेस उतरून गुजरातेतून समुद्रास जातात. त्यांचे पाणी गिरणेत वळविण्याची योजना खानदेशात पुष्कळ वर्षे चर्चिली जात आहे. काल पाहिलेली गोदावरी तर पूर्वेच्या समुद्राकडे गेली. पाण्याच्या सीमा देवाने आखल्या. आता माणसाने आखलेली सीमा पाहू.

हातगड मागे पडला की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो व गुजरातेतील डांग जिल्हा लागतो. प्रथम दिसतो तो फरक पाट्यांचा : अक्षरे ओळखीची, पण डोक्यावर रेघ नाही. गुजराती लिपीस शिरोरेषा नसते. कान मात्र फसतात, कारण डांगी बोली आपल्या अहिराणीच्या इतकी जवळची आहे की आपल्या मुलांना ती पुष्कळशी कळते. १९६० च्या १ मे रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा डांग कोणाकडे जावा यावर मोठा वाद होता. तो गुजरातेकडे गेला. रेघ नकाशावर पडली. बोली जेथल्या तेथे राहिली.

दुसरा फरक कायद्याचा आहे आणि तो प्रत्येक प्रवाशाने जाणला पाहिजे. दारूबंदीचा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला. तोच एक कायदा दोन्ही राज्यांच्या वाट्यास आला. पुढे महाराष्ट्राने परवान्याची पद्धत ठेवून बंधने सैल केली. गुजरातने बंदी चालू ठेविली. त्यामुळे नाशिकला दुकानातून उघडपणे घेतलेली बाटली सापुताऱ्याच्या नाक्यावर गुन्हा ठरते. भाड्याच्या गाडीची झडती होऊ शकते आणि एकाच्या पिशवीपायी सर्व सहल अडकून पडते. म्हणून निघताना चालक, मदतनीस व प्रौढ सोबती यांना हे आधीच बजावावे. भाड्याच्या गाडीस दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना लागतो. तो कागद आहे असे ऐकून समाधान मानू नये, डोळ्यांनी पाहावा.

सापुतारा सुमारे हजार मीटर उंचीवर असून गुजरातचे ते प्रसिद्ध थंड हवेचे ठिकाण होय. तेथे तलाव आहे व सूर्यास्त पाहण्याची जागा आहे. या दिवशी अंतर थोडे आहे, ते मुद्दाम. मुलांनी धावावे, बसावे, वहीत चित्रे काढावी. जो बेत विसाव्यास जागा ठेवीत नाही, तो बेत नव्हे, हुकूमनामा होय.

चौथा व पाचवा दिवस : डांगातून घरी

सकाळी लवकर निघून आहव्यास उतरावे. दोन्ही बाजूंस साग व बांबू. या सागासाठीच इंग्रजांनी १८४२ साली डांगच्या भिल्ल राजांकडून ही अरण्ये कराराने घेतली होती. त्या राजांच्या वंशजांचा सन्मान आजही होळीपूर्वी आहव्याच्या दरबारात होतो. पुढे सुबीरमार्गे नवापूर. नवापूरचे रेल्वे स्थानक मुलांनी विसरू नये : त्याचा एक भाग महाराष्ट्रात व दुसरा गुजरातेत आहे. एका बाकावर दोघे मित्र बसले तर एक या राज्यात व दुसरा त्या राज्यात, अशी तेथील मौज.

नवापुराहून कोंडाईबारीचा घाट व साक्रीमार्गे धुळे. घाट दिवसाउजेडी ओलांडावयाचा, हा या दिवसाचा एकमेव अढळ नियम. नवापूर सोडण्यास दुपारचे तीनहून अधिक वाजले तर पुढे न जाता तेथेच राहावे, आणि त्यासाठी एका मुक्कामाचे पैसे आधीच बाजूस काढून ठेवावे. पाचव्या दिवशी धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ पाहून सायंकाळच्या आत फैजपूर.

बेताचे चार नियम

या सर्वांतून चार नियम निघतात, ते मुलांनी पाठ करावेत. अंतर किलोमीटरांत न मोजता तासांत मोजावे. घाटातील चाळीस किलोमीटर मैदानातील ऐंशीबरोबर असतात. दर दिवशी एकच मुख्य गोष्ट पाहावी. चालकाची झोप हा सहलीच्या खर्चाचा पहिला रकाना समजावा, शेवटचा नव्हे. आणि रोजच्या मुक्कामाचे ठिकाण व पोहोचण्याची वेळ लिहिलेला कागद प्रत्येक घरी द्यावा, व वेळ चुकणार असे दिसताच तसे कळवावे.

या फेरीत साल्हेर सुटला. महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, जेथे १६७२ साली मराठ्यांनी मोगलांस उघड्या मैदानात हरविले, तो वाटेपासून फार दूर नसताही आपण सोडला. मांगीतुंगी सुटली, गिरा धबधबाही सुटला. ही नावे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवितो. ते पान दरवर्षी वाढत जाते, आणि त्याचे मला दुःख होत नाही. डोंगर जागा सोडून जात नाहीत; पुढील वर्षीचे विद्यार्थी तेथे जातील.

यंदा फळ्यावर नावे लिहून झाली की फडके एका विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाचे मी ठरविले आहे. कोणती पुसावयाची हे वर्गाने ठरवावे. आणि पालकांस माझे एवढेच सांगणे की, पाचव्या दिवशी दिवेलागणीस आपण शाळेच्या दाराशी याल, तेव्हा आपल्याला ओसरीवर बसावे लागणार नाही.